वाकायचं राहून गेलं

त्या आजींनी आधी हातातली पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. पिशवीतून कांद्याच्या पातीसारखे हिरवे शेंडे डोकावत होते, त्यांच्यावर पावसाचे थेंब होते. मग डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढून त्यांनी झटकली, घडी घालून खिशात ठेवली, आणि दगडी देवदूताच्या डोक्यावर एक हात ठेवून त्या वाकल्या. वय ऐंशीच्या पुढचं असणार. संत रोनाँची समाधी म्हणजे एक जाड शिळा, तिच्यावर पाठीवर झोपलेला दगडी संत, आणि ही सगळी शिळा सहा देवदूतांनी पेलून धरलेली. खाली मोकळी जागा आहे, पण माणूस ताठ जाईल एवढी नाही. आजी जवळजवळ रांगतच आत शिरल्या. क्षणभर नुसत्या त्यांच्या बुटांच्या ओल्या टाचा दिसत होत्या. पलीकडून बाहेर आल्या, कंबरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाल्या, दम घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मग स्वतःच्या कंबरेवर दोनदा थापटलं, शिळेखाली बोट दाखवलं आणि हाताने खूण केली. ये. तूही ये.

मी मान हलवली. ‘नों, मेर्सी’ म्हणाले. गळ्यातला कॅमेरा उगाच सरळ केला.

त्यांनी आग्रह केला नाही. पिशवी उचलली, दोन शब्द बोलल्या. ते फ्रेंच नव्हते एवढं मला कळलं. आणि त्या दाराबाहेरच्या पावसात निघून गेल्या. घडलं ते एवढंच. पण परत येऊन तीन महिने होत आले, तरी भांडी लावताना, सिग्नलला थांबल्यावर, रात्री दिवा मालवल्यावर तो हात मला दिसतो. म्हाताऱ्या, पाण्याने सुरकुतलेल्या बोटांची ती ‘ये’ अशी खूण. आणि माझी नकारार्थी हललेली मान.

लोक्रोनाँ हे फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम टोकाचं, जेमतेम आठशे वस्तीचं गाव. नांतला राहणाऱ्या मैत्रिणीकडे मी सप्टेंबरअखेर गेले होते. तिला कामातून सुटी नव्हती, म्हणून दोन रात्रींसाठी एकटीच निघाले. कँपेरला गाडीतून उतरून बस पकडली. अर्ध्या तासात बसने गावाच्या कडेला सोडलं. गाड्या गावाबाहेरच थांबवायच्या असतात, त्यामुळे आत शिरताना पहिल्यांदा ऐकू येतात ती आपलीच पावलं. मग चौक उघडतो. मधे विहीर, एका बाजूला चर्च आणि बाकी सगळीकडे करड्या ग्रॅनाइटची तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची घरं. एकही विजेची तार डोक्यावर नाही. चित्रपटवाल्यांना हे गाव का आवडतं ते पहिल्या मिनिटात कळतं. पण मला आधी दिसला तो दगड. कोकणातला जांभा भोकांभोकांचा, लाल, पाऊस पडला की ओल पिऊन गडद होणारा. हा ग्रॅनाइट पाणी पीत नाही. पाऊस त्याच्यावरून नुसता निथळतो, आणि दगडातले अभ्रकाचे कण ओलेपणी चमकत राहतात. भिंतींवर पिवळट शेवाळ्याचे ठिपके आहेत, दारांशी निळ्या-जांभळ्या हायड्रेंजियाचे गुच्छ आहेत. हंगामाचा शेवट असल्याने ते कडेने तपकिरी व्हायला लागले होते.

एवढ्याशा गावात एवढी श्रीमंत घरं कशी, हा प्रश्न पडतोच. उत्तर आहे शिडाचं कापड. भांगेच्या जातीच्या झाडाचा वाख पाण्यात कुजवायचा, सोलायचा, कातायचा आणि मागावर विणायचा. इथलं शिडाचं कापड फ्रान्सच्या आरमाराला जायचं, स्पेन-इंग्लंडच्या जहाजांनाही जायचं. समुद्र इथून चार-पाच किलोमीटरवर आहे, गावातून तो दिसतही नाही, पण गावाचं पोट त्याच्यावर चाललं. पुढे सतराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी दुसरीकडे कापड निघायला लागलं, इथली सद्दी संपली, आणि नवीन घरं बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही. म्हणून जुनी राहिली. आपण ज्याला जपणूक म्हणून वाखाणतो त्याच्या तळाशी पुष्कळदा असं दारिद्र्य असतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट जाणवलं. चौकात उभं राहून ‘किती सुंदर’ म्हणताना जीभ जरा अडखळली.

चौकातल्याच एका इमारतीत फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं कार्यालय होतं असं तिथे सांगतात. कंपनी 1664 सालची. तिच्या जहाजांसाठी ब्रिटनीच्याच दक्षिण किनाऱ्यावर जे बंदर उभं राहिलं त्याचं नावच लोरियाँ, म्हणजे ‘पूर्व’. ती पूर्व म्हणजे आपण. जहाजं निघायची ती पाँडिचेरीच्या, चंद्रनगरच्या, माहेच्या दिशेने, आणि परतताना पोटात आपलं सुती कापड भरून यायची. फ्रेंचांची एक वखार आमच्या राजापूरलाही होती. हे मला शाळेपासून माहीत होतं, पण कुठल्यातरी परीक्षेतल्या रिकाम्या जागेसारखं. त्या चौकाशेजारच्या हातमागाच्या दुकानात वाखाच्या जाड कापडाचा एक तुकडा बाईंनी माझ्या हातात दिला. गोणपाटापेक्षा घट्ट, हाताला खरखरीत, वजनदार, आणि नाकाशी नेला तर सुक्या गवतासारखा वास. अशाच कापडाच्या शिडात वारा भरून कुणीतरी माझ्या गावच्या खाडीच्या तोंडाशी येऊन थांबलं असेल का, हा विचार आला आणि तो तुकडा मी बराच वेळ परत दिलाच नाही. बाईही काही बोलल्या नाहीत.

हे सगळं त्या चर्चमध्ये शिरण्याआधीचं.

चर्च पंधराव्या शतकातलं. त्याला लागूनच एक छोटं देऊळ आहे, पेनिती म्हणतात त्याला, त्यात ही समाधी. रोनाँ आयर्लंडहून समुद्र ओलांडून आलेला साधू. इथल्या नेवेतच्या रानात झोपडी बांधून राहिला. त्याची सगळी गोष्ट चर्चमधल्या 1707 सालच्या लाकडी व्यासपीठावर रंगीत चित्रफलकांत कोरलेली आहे. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर महाराजांच्या चरित्रातले प्रसंग रंगवलेले असतात ना, अगदी तसं. गावातल्या एका शेतकऱ्याला साधूचा नाद लागला, तो कामधाम सोडून त्याच्याकडे जाऊन बसायला लागला. त्याची बायको केबेन. तिने साधूवर आळ घेतला की हा रात्री लांडगा होतो आणि याने माझी पोर खाल्ली. पोर तिनेच पेटीत लपवून ठेवली होती. राजाने साधूवर शिकारी कुत्रे सोडले, ते त्याच्या पायाशी निमूट बसले. पेटी उघडली तेव्हा पोर गुदमरून गेलेली होती, आणि साधूने तिला जिवंत केलं. तरी केबेनचा राग गेला नाही. रोनाँ वारल्यावर त्याचा देह बैलगाडीत ठेवला आणि बैलांना मोकळं सोडलं, ते नेतील तिथे पुरायचा. केबेन तेव्हा कपडे धूत होती. गाडी समोर आली तशी तिने हातातलं कपडे बडवायचं लाकूड बैलाला हाणलं. त्याचं शिंग मोडलं. ते शिंग जिथे पडलं ती टेकडीवरची जागा अजून ‘प्लास आर हॉर्न’ म्हणून ओळखली जाते. आणि केबेनला धरणीने पोटात घेतलं.

केबेनबद्दल मला वाईट वाटतं, हे इथे सांगून टाकते. नवरा घर वाऱ्यावर सोडून साधूच्या मागे लागलेला, शेत पडलेलं, आणि गोष्टीत मात्र दुष्ट ठरली ती ही. आपल्या संतांच्या गोष्टींतल्या ‘कजाग’ बायकाही मला हल्ली अशाच दिसतात. दुसऱ्या दिवशी मी चौकातून खाली उतरणाऱ्या गल्लीने धुण्याच्या जागेवर गेले. ‘शुभवार्ते’च्या मेरीचं एक छोटंसं देऊळ, त्याच्या पुढ्यात दगडी कारंजं आणि शेजारी चौकोनी कुंड. पाणी स्वच्छ, तळाशी पानं. कडेच्या तिरप्या दगडावर मी गुडघे टेकून बसून पाहिलं. किती पिढ्यांच्या बायकांनी इथे गुडघे टेकून कापड बडवलं असेल! गोष्टीतली बाई याच पाण्यावर बसायची असं कुणी म्हणत नाही. मला मात्र ती तिथे दिसली.

बैल ज्या वाटेने गेले ती रोनाँची रोजची फेरीची वाट होती असं मानतात. त्या वाटेची प्रदक्षिणा म्हणजे त्रोमेनी. ब्रेटन या इथल्या जुन्या भाषेत ‘त्रो’ म्हणजे फेरी आणि ‘मिनिही’ म्हणजे मठाच्या आश्रयाची हद्द, जिथे शिरलेल्याला कुणी हात लावायचा नाही. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी लहान फेरी असते. मोठी फेरी मात्र दर 6 वर्षांनी, 12 किलोमीटरची, 12 ठाण्यांची. शेतांतून, पांदीतून, ओढ्याकाठून आणि शेवटी टेकडी चढून. ज्याच्या शेतातून वाट जाते तो ती मोकळी करून देतो. वाटेवर ठिकठिकाणी फांद्यांचे आणि चादरींचे छोटे मांडव घालून त्यात आसपासच्या गावांतल्या संतांच्या मूर्ती आणून बसवतात, आणि कुठला मांडव कुठल्या घराण्याने सांभाळायचा हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. निशाणं, घंटा, ढोल. काही अभ्यासक म्हणतात की ही वाट ख्रिस्ती धर्माहूनही जुनी, नेवेत या नावातच जुन्या केल्टिक देवराईचा अर्थ आहे. देवराई, शीव, मानकरी, पालखी. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एकाही शब्दाला मला अर्थ विचारायला लागला नाही.

आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते. देवीची रूपं लावतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर बसते, मग घरोघरी जाते, गावाच्या शिवेपर्यंत जाते. आत्या सांगायची, आई आपली हद्द बघून येते. मी सात वर्षांची असताना मला वरचेवर ताप यायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. त्या वर्षी आमच्या अंगणात पालखी आली, तेव्हा ढोल टिपेला गेलेले, भोयांनी पालखी खांद्यावर घेतलेली, आणि आत्याने माझी मान धरून मला पुढे ढकललं. ‘वाक. अजून वाक. आणि थांबू नकोस, सरळ पलीकडे जा.’ मी वाकले. आत एकदम काळोख झाला. दांडीचा करकर आवाज, गुलालाचा आणि घामाचा वास, कुणाच्या तरी पोटरीची ताणलेली शीर अगदी डोळ्यांसमोर, आणि मानेवर पडलेला एक गरम थेंब, घामाचाच असणार. तीनच पावलं असतील. पलीकडे बाबा हात पसरून उभे होते. ताप त्यानंतर गेला की नाही, मला आठवत नाही. तो काळोख आणि त्याच्यापुढचे पसरलेले हात एवढं आठवतं.

म्हणजे मला येत होतं. परक्या देवाचं काहीतरी विचित्र कर्मकांड म्हणून मी मागे सरले असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण दगडी देवदूताच्या डोक्यावर हात ठेवून त्या आजी वाकल्या तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी मी मान हलवली. आपण पाहुणे, आपला तो देव नाही, उगाच त्यांच्या श्रद्धेचं सोंग कशाला आणायचं, असं मी रात्री स्वतःला समजावलं. यात थोडं खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. खरं म्हणजे गेली वीस वर्षं मी गावच्या पालखीखालूनही गेलेले नाही. गावी जाते, फोटो काढते, आल्यागेल्याला समजावून सांगते, ओटी भरायला आत्याला पुढे करते. माझं ठिकाण पालखीच्या बाजूला, हातात कॅमेरा घेऊन. लोक्रोनाँतही मी त्याच ठिकाणी उभी होते, आणि त्या आजींनी ते ओळखलं की काय, अशी भीती वाटते.

संध्याकाळी पाऊस थांबला नाही. जिथे उतरले होते त्या घरच्या मालकीणबाईंनी तव्यावर कुट्टूच्या पिठाच्या गालेत केल्या. काळा, सपाट, भाकरीच्या तव्याच्या दुप्पट तवा. त्यावर पळीभर पातळ पीठ आणि मग लाकडी पट्टीने एकाच फिरक्यात पसरायचं. कडा सुटताना जाळी पडली आणि मला घावनांचाच वास आला. तिखट नाही, नारळ नाही, खारवलेलं लोणी मात्र सढळ. लोण्याबाबत या लोकांचा हात आखडत नाही. शेजारच्या दुआर्नने गावाचा तो क्विन्यामान नावाचा केक, ज्याच्या नावाचा अर्थच ‘लोणीकेक’, तो खाल्ल्यावर बोटं कागदाने पुसली तरी चकाकत होती. मोडक्या इंग्रजीत त्यांना मी चर्चमधल्या आजींबद्दल सांगितलं. त्या शेवटी काय म्हणाल्या असतील? ‘ब्रेटन असेल,’ त्या म्हणाल्या, ‘त्या वयाची माणसंच बोलतात आता.’ मग तवा पुसता पुसता सांगायला लागल्या. त्यांच्या आजीला शाळेत ब्रेटन शब्द तोंडून गेला म्हणून गळ्यात लाकडी खडावेचा तुकडा बांधून दिवसभर बसवलं होतं. तो गळ्यातून काढायचा एकच मार्ग, दुसरं कुणी ब्रेटन बोलताना पकडून द्यायचं. आजीने पुढे आपल्या मुलांशी ब्रेटनमध्ये चकार शब्द काढला नाही. ‘आई फ्रेंचमध्ये वाढली. मीही. माझी नात आता दिवान शाळेत जाते, ब्रेटन माध्यमाच्या. घरात तिच्याशी बोलायला कुणी नाही.’

1977 पासून या दिवान शाळा सुरू झाल्या. ‘दिवान’ म्हणजे अंकुर, बीज. मला ते ऐकून आनंद झाला की वाईट वाटलं, अजून सांगता येत नाही. आमच्या घरची बोली मला सगळी कळते. आत्या बोलते तेव्हा मी हसते, उत्तर देते ते मात्र पुण्याच्या मराठीत. माझ्या मुलीला ती कळतही नाही. गळ्यात कुणी काही बांधलं नव्हतं आमच्या, आम्ही आपणहून सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडीप झाली तेव्हा मी टेकडीच्या बाजूला त्रोमेनीच्या वाटेने थोडं चालले. ते 2025 सालचं वर्ष मोठ्या फेरीचं होतं. जुलैत ती होऊन गेली होती. एका बांधाशी मांडवाचा सांगाडा तसाच राहिला होता, चार वाकवलेल्या फांद्या आणि सुतळीची गाठ, पानं वाळून तपकिरी झालेली. गाठ नीट बघितली. कुणीतरी मन लावून मारलेली होती, दोन महिन्यांच्या वाऱ्यापावसात सुटली नव्हती. टेकडी तीनशे मीटरच्याही आतली, पण माथ्यावरून समुद्र दिसला. दुआर्ननेच्या उपसागराची राखाडी पट्टी आणि तिच्यावर ढगांच्या सावल्या सरकताना. इथले लोक म्हणतात, जिवंतपणी ज्याने त्रोमेनी केली नाही त्याला ती मेल्यावर करावी लागते, आणि तेव्हा पुढे सरकायचं ते एका वेळी फक्त आपल्या शवपेटीच्या लांबीएवढं. त्या वाऱ्यात उभी राहून मी 12 किलोमीटरला शवपेटीच्या लांबीने भागत बसले, आणि मग थांबले.

निघायच्या सकाळी बसला अजून पाऊण तास होता. चर्चचं दार उघडं होतं. आत कुणी नाही, एक मेणबत्ती तेवढी अर्धी जळालेली. मी सॅक भिंतीला टेकवून ठेवली, आजींनी पिशवी ठेवली होती तिथेच. कॅमेरा काढून सॅकवर ठेवला. समाधीचा दगड ग्रॅनाइटसारखा करडा नाही, काळपट आहे. केर्सांतोन म्हणतात त्याला, ब्रेस्ट बंदराजवळच्या खाणींतला, त्यात बारीक कोरीव काम होतं. संताच्या पायाशी एक हिंस्र प्राणी आहे, आणि संताने आपल्या धर्मदंडाचं टोक त्याच्या जबड्यात खुपसलेलं. चेहरा मात्र झोपलेल्या माणसासारखा शांत. मी कडेच्या देवदूताच्या डोक्यावर हात ठेवला. दगड गार होता आणि अगदी गुळगुळीत, आमच्याकडच्या उंबऱ्यासारखा, वापरून वापरून झालेला. गुडघा वाकवला. खाली फरशीवर थोडी ओल होती, कुणाच्या तरी बुटांची.

तेवढ्यात दारात माणसं आली. दहा-बारा जण, पुढे हातात मिटलेली छत्री वर धरलेली वाटाडी. ती बोलायला लागली आणि सगळ्यांचे डोळे समाधीकडे, म्हणजे माझ्याकडे वळले. मी बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. उठले, सॅक घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर आले.

पुण्याला आल्यावर आत्याला फोन केला. तिला मी कुठे कुठे जाते ते सगळं ऐकायचं असतं. समुद्र सांगितला, घावनं सांगितली, लोणी सांगितलं, केबेनची गोष्ट सांगितली. त्यावर ती ‘बिचारी’ म्हणाली. मग फांद्यांचे मांडव, ढोल, शिवेवरची फेरी. आणि त्या आजी. मी नेमकं तिथवर आले आणि थांबले.

‘मग? गेलीस ना खालून?’

‘नाही गं आत्या.’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मागे कोंबडं ओरडत होतं. मला वाटलं, आता रागावेल.

‘ती मोठी फेरी परत कधी म्हणालीस?’

‘2031 ला. जुलैमध्ये.’

ती बोटांवर मोजायला लागली. पुटपुटणं मला ऐकू येत होतं, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, तिच्या त्या बोलीत, एकेका आकड्यावर रेंगाळत.

‘मी एक्क्याऐंशीची होईन,’ ती म्हणाली. ‘आणि तू?’